मागून मारलेली हाक

तात्या,

धुकं अजून उठलेलं नाही. उजळाईवाडीच्या धावपट्टीकडेला आमची पत्र्याची शेड आहे, तिच्यात बसलेय. समोरचा चहा गार झालाय, आणि बाहेर माझा एक विद्यार्थी छोट्या हेलिकॉप्टरभोवती फिरतोय. आज तो पहिल्यांदा एकटा उडायचा आहे. शेजारच्या सीटवर मी नसणार. हे सांगायला मला तुम्हीच का आठवलात कुणास ठाऊक. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. हेलिकॉप्टर म्हणजे निवडणूक आली की साखर कारखान्याच्या मैदानावर उतरतं ते, एवढंच आपल्याला ठाऊक. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून बघायला नेलं होतं. सगळी धूळ डोळ्यांत गेली, तेव्हा डोळे चोळत म्हणाला होतात, "ह्येच्यापरीस आपली जीप बरी. हॉर्न तरी हाय." आता तुमची पोरगी स्वतः ती धूळ उडवते, आणि दुसऱ्यांना उडवायला शिकवते. हसा आता.

लोकांना वाटतं, उडवायला शिकवणं म्हणजे दांडा कसा धरायचा, पाय कुठं दाबायचा हे शिकवणं. ते येतं हो, महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो. खरं शिकवायचं असतं ते जमिनीवरच, उडायच्या आधी. मशीन बघायचं. आभाळ बघायचं. मग स्वतःला बघायचं, झोप झालीय का, पोटात काही आहे का, घरात कुणाशी भांडून आलायस का. आणि सगळ्यात शेवटी मागं लागलेली माणसं बघायची: कुणाला घाई आहे, कुणाला शब्द दिलाय, कोण तोंडाकडे बघत उभं आहे. मशीन बघायला पोरं चटकन शिकतात. आभाळही कळायला लागतं. आमच्या शेडच्या दारातून पन्हाळा दिसला तर उडायचं, नाही दिसला तर चहा प्यायचा, इतकं सोपं करून ठेवलंय मी. पण ती शेवटची माणसं बघून "नाही" म्हणायचं, तिथं भले भले गारठतात.

मशीन बघण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. पहाटे म्हशी पिळून झाल्या की आई चुलीपुढं आणि तुम्ही जीपभोवती. आधी बॉनेटवर हात ठेवायचात, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मग एकेका टायरला लाथ. मग ऑइलची पट्टी काढून फडक्याला पुसायची, परत घालायची, परत काढून उजेडात धरायची. गुडघे दुखायला लागल्यावर फुटक्या साइड-आरशाचा तुकडा काठीला बांधलात आणि तो इंजिनाखाली सरकवून बघायला लागलात. मी दात घासत तुमच्यामागून फिरायची. दहावी पास झाले तेव्हा तसाच एक आरसा पत्र्याच्या चौकटीत बसवून मला दिलात, "येणी घाल, आन् जमलं तर जीपबी बघ." तो अजून माझ्या बॅगेत असतो. वरच्या मोठ्या पंख्याच्या मुळाशी डोळा पोचत नाही, तिथं मी तोच धरते.

पण जीप बघून झाली की तुम्हाला वाटायचं, सगळं बघून झालं. स्वतःकडे तर तुम्ही कधी बघितलंच नाही. रात्रभर कुणाच्या तरी गोंधळाला जागायचं, आणि पहाटे लाल डोळ्यांनी वडापची माणसं भरायला निघायचं, का तर उचगावच्या फाट्यावर माणसं खोळंबलीत. आई म्हणायची, "अवो, घटकाभर पडा तरी." "शबुद दिलाय," तुम्ही म्हणायचात. शब्द दिलाय म्हटलं की आपल्याकडं विषय संपला. आणि निघणाऱ्याला टोकायचं नाही, हा आपल्या घरचा कायदा. कुठं चाललाय विचारायचं नाही. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. मागून हाक तर मारायचीच नाही, आणि कुणी मारलीच तर खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, म्हणजे ती हाक उतरते. मी शाळेत असताना एकदा तुम्ही फाटकातून बाहेर पडताना ओरडले होते, "तात्या, टपावरची ताडपत्री सुटलीया!" खरंच सुटली होती. तुम्ही उतरलात आणि आधी मला झाडलंत, "निघतेल्या मानसाला मागनं हाक मारत्यात व्हय गं? एवढी मोठी झालीस, कळत न्हाई?" मग पाणी प्यालात. मग ताडपत्री बांधलीत. त्याच क्रमानं. शेजारपाजारचे बघत होते, मी गोठ्यात जाऊन रडले होते.

ती शेवटची सकाळ. माघातली लग्नं सुरू आहेत. घाटाखालच्या गावातनं नवरीकडचं वऱ्हाड आणायचं म्हणून रिकामी जीप घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचाय. धुकं असं, की दारातून गोठ्यातली म्हैस दिसत नाही. तुमच्या अंगात कणकण आहे, आदल्या दिवशी आईनं काढा दिलाय. तरी तुम्ही जीपभोवती फिरता, लाथा, पट्टी, आरसा, काही चुकत नाही. बसता, गिअर टाकता. आणि मी दारातून हाक मारते, "तात्या!" जीप थांबली. तुम्ही मान बाहेर काढून माझ्याकडे असं बघितलंत की मी दारातून मागं सरले. खाली उतरलात, ओट्यावर बसलात, आईनं तांब्या आणला त्यातलं घोटभर पाणी प्यालात, आणि गेलात. हाक कशाला मारली ते विचारलं नाहीत. मीही परत तोंड उघडलं नाही.

दुपारी माणसं आली. घाटातल्या वळणावर धुक्यात समोरून ट्रक आला होता. जीपचं काही बिघडलं नव्हतं, ब्रेक चांगले होते, असं सगळे एकमेकांना सांगत होते. मग चुलती मोठ्यानं बोलली, "पोरीनं मागनं हाक मारली न्हवं." एकदाच बोलली, पण भरल्या घरात. आई हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. पुढं कॉलेजातल्या एका बाईंनी मला धरून हवाई दलाच्या परीक्षेला बसवलं, मी वर्दी घातली, हेलिकॉप्टर शिकले, आणि वर्दीतली वर्षं संपल्यावर इथं शिकवायला आले. तुमच्याबरोबर काढली त्याहून जास्त वर्षं आता तुमच्याशिवाय झाली. वारा, दाब, वजन, सगळं मी फळ्यावर मांडून दाखवते. पण खरं सांगू? ते वाक्य पोटात बसलंय ते बसलंय. लेकाला शाळेत सोडते तेव्हा त्याची पाण्याची बाटली गाडीत राहिली तरी मागून हाक मारत नाही मी, धावत जाऊन पुढून देते.

वर्गात मात्र मी वाघीण. तुमची गोष्ट पोरांना सांगते, कुणाची ते न सांगता. एक ड्रायव्हर होता, निघताना त्याच्या पोरीनं दारातलं धुकं बघून हाक मारली, तो अपशकुन म्हणून पाणी प्याला आणि गेला. म्हणून आपल्याकडं नियम: मागून हाक मारायची. झाडणाऱ्या मावशींनी मारली तरी इंजिन बंद करायचं आणि विचारायचं, काय झालं? पोरं माना डोलावतात. मग मी मुद्दाम काहीतरी सोडून निघते, पंख्याचा बांधलेला पट्टा तसाच ठेवून, नाहीतर पेट्रोलचं झाकण सैल ठेवून. अळीमिळी गुपचिळी! एकदा विचारलं, दिसलं होतं ना? तर म्हणतात, "दिसलं मॅडम, पण तुम्हाला कसं टोकायचं?" कपाळाला हात लावला मी.

आज बाहेर फिरतोय तो त्यातलाच, किंबहुना त्यांचा मुकुटमणी. मंगळवार पेठेतला, घरी लेथचं वर्कशॉप, त्यामुळे हात सोन्याचे. मशीनमध्ये मी कुठंही खोट लपवली तरी शोधून काढतो. पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो तेव्हा तुम्हीच पट्टी धरून उभे आहात असं वाटतं. पण तोंडात सदा एकच, "हो मॅडम." मागं एकदा पन्हाळ्याच्या बाजूला काळंकुट्ट आभाळ भरून आलं होतं, मी म्हटलं, चल. तर हा पट्टा बांधून तयार! मीच खाली उतरले. "ढग दिसला नाही?" "दिसला की मॅडम." "मग?" "तुमी चला म्हणालासा." याला एकट्याला वर कसं सोडायचं? वर काही झालं तर हात चालतील त्याचे, त्याची मला काळजी नाही. पण जाऊ नये त्या दिवशी कुणीतरी चल म्हटलं की हा जाणार, आणि त्याच्या आईला सांगायला मला मंगळवार पेठेत जावं लागणार. मी त्याचं एकट्याचं उड्डाण पुढं ढकलत राहिले. आमच्या उड्डाणशाळेचे मालक विचारायचे, पोरगा तयार आहे की, अडलंय कुठं? मी उडवून लावायची.

मग गेल्या आठवड्यात ते लग्न आलं. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव. अक्षता पडताना वरून फुलं पडली पाहिजेत, अशी नवरीच्या बापाची हौस, आणि आमच्या मालकांनी शब्द देऊन टाकलेला. आभाळ लख्ख, मशीन ठणठणीत, मी बरं म्हटलं. मी आणि हा पोरगा गावातल्या शाळेच्या मैदानात उतरलो. त्याच्या जागी नवरीचा मामा बसून फुलं टाकणार, आणि यानं दोरीपाशी थांबून माणसं लांब ठेवायची, असं ठरलं. पोत्यातली फुलं मी टोपलीत ओतून घेतली आणि टोपली पट्ट्याला जखडून बांधली. मामाला फेटा काढायला लावला, त्यावरून चार पावणे रुसले. मग मशीन बघायची फेरी सुरू केली. नाकापासून एका अंगानं शेपटीकडं जायचं, वळसा घालून दुसऱ्या अंगानं परत यायचं. निम्म्यावर आले आणि बायकांनी घेरलं, "पायलटीणबाईंची ओटी भरायची हाय!" मी म्हटलं, नंतर भरा. "नंतर कसं बाई? अक्षतांच्या आधी भरत्यात." खण, नारळ, तांदूळ, कपाळभर कुंकू. नाही म्हणायला जीभ वळेना, तात्या. तुमचीच जीभ ती. इतक्यात कर्ण्यावर मंगलाष्टकं सुरू झाली, मालकांचा फोन आला, "उडा की आता, माझा शब्द जाईल!" मी ओटी पिशवीत कोंबली आणि तडक दाराकडे निघाले.

"मॅडम!"

मागून. दोरीपासून. नवरीचा चुलता त्याच्यावर खेकसला, "आरं ए, मागनं हाक मारतोस व्हय? लगीन हाय न्हवं हितं!" आणि मी काय केलं असेल? वर्गात घसा फोडून सांगणाऱ्या मी? त्या पोराचा असा संताप आला की विचारू नका. तिथल्याच एका खुर्चीवर टेकले. कुणा शहाण्या म्हातारीनं तांब्या पुढं केला. घोटभर पाणी प्याले, उठले, आणि निघाले. काय झालं ते विचारलंच नाही. हुबेहूब तुम्ही.

"मॅडम, थांबा!" दुसऱ्यांदा. या वेळी तो दोरी टाकून पळत आला आणि माझ्यासमोर आडवा उभा राहिला. चुलता त्याच्या खांद्याला धरून ओढत होता, तरी हलेना. "पाणी प्यालासा, बरं झालं. पण शेपटीकडं गेलाच न्हाईसा मॅडम. निम्मी फेरी ऱ्हायली. मधी कुणी अडवलं तर पहिल्यापासनं करायची, तुमीच सांगितलंय." त्याला दुसरं काही दिसलं नव्हतं. मी तिकडं गेले नाही, एवढंच दिसलं होतं. आम्ही मागं गेलो. शेपटीला झेंडूचा भला दांडगा हार बांधला होता, जरीची झालर, नायलॉनची दोरी, आणि सुटं टोक वाऱ्यावर मागच्या छोट्या पंख्याच्या पात्याला आपटत होतं. इंजिन सुरू केलं असतं तर दोरी त्यात गुंडाळली असती. तो मागचा पंखा गेला की हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं स्वतःभोवतीच फिरायला लागतं, आणि खाली तर मांडव भरलेला. बायका माझी ओटी भरत होत्या तेवढ्यात नवरीच्या बापानं तो बांधला होता. हात जोडून म्हणाले, "मानाचा हार हाय बाई. नव्या गाडीला घालत्यात तसा." त्यांच्यावर कसली रागावणार? हार सोडला, त्यांच्याच हातात दिला, आणि नाकापासून परत फेरी केली. या खेपेला तो माझ्यामागून चालत होता, आणि मध्ये येईल त्याला "हटा की ओ" म्हणून ओरडत होता. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. फुलं पडली ती पंगतीवर, लोकांच्या बुंदीत झेंडू. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून माझं एकच चाललंय. माझी हाक एकदाच होती. त्याच्या दोन होत्या. एवढाच फरक, आणि तो मला माझ्या निम्म्या वयाच्या पोरानं शिकवावा! पहिली हाक रिवाजात विरून जाते, माणूस पाणी पितो आणि मोकळा होतो. दुसरी मारायला मात्र काळीज लागतं, कारण तोवर सगळं गाव आपल्याकडे बघत असतं. पण ती हाक दुसऱ्याला होती. स्वतः निघताना स्वतःला थांबवता येतं का, ते कुठं बघितलं होतं मी? म्हणून आज सकाळी किल्ली त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, जायचं की नाही ते तूच ठरव, मी एक अक्षर बोलणार नाही. आणि इथं शेडमध्ये येऊन बसले, माझ्या तोंडावरचं त्याला वाचता येऊ नये म्हणून. त्यात त्याच्या घरचं सगळं गोत आलंय. आई, बाप, बहीण, गल्लीतले चौघं-पाचजण. पेढ्यांचे पुडे घेऊन कुंपणापाशी उभे आहेत. डोक्यावर आभाळ निळं दिसायला लागलंय, पण पश्चिमेला अजून दुधासारखं पांढरं. नेमकं तसलंच, जायला मोह पडेल असं. मी मनात म्हणतेय, बघ रे बाबा, तिकडं बघ. जिभेवर आलेलं गिळतेय.

त्याची फेरी झाली. शेपटीपाशी जरा जास्तच रेंगाळला. आता दाराला हात लावून उभा आहे. घरच्यांकडे बघतोय. कुणीतरी टाळ्या वाजवतंय, बापानं मोबाइल वर धरलाय. आता पन्हाळ्याच्या दिशेला बघतोय. परत घरच्यांकडे. दार लावलं त्यानं, बाहेरूनच. इकडं येतोय.

"मॅडम, पन्हाळा दिसंना."

"मग?" मी म्हटलं. आवाज सरळ ठेवला.

"आज नगो."

"एवढी माणसं आलीत. त्यांना काय सांगणार?"

"सांगतो की. पेढे काय आज नासत न्हाईत." आणि गेला, कुंपणापाशी जाऊन बोलला. बापानं हात झटकला, आई काहीतरी पुटपुटली, गल्लीतला एकजण हसला. हा मान खाली घालून ऐकत राहिला, पण जागचा हलला नाही. मग परत आला, समोरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "भूक लागली मॅडम." मी बरं म्हटलं, आणि बाहेर तोंड करून डोळे पुसले. उद्या पन्हाळा दिसला तर हा एकटा जाईल, आणि मी जाऊ देईन.

त्यानं आता डबा उघडलाय. शेडभर वास सुटलाय, भाकरी आणि भरलं वांगं. हा कागद मी कुठं टाकणार? घडी घालून बॅगेत आरशाखाली ठेवीन. पण एक राहिलंय, आणि ते आईलासुद्धा माहीत नाही. पोरांना मी सांगते की ड्रायव्हरच्या पोरीनं धुकं बघून हाक मारली. मी धुकं बघून हाक मारली नव्हती, तात्या. माघातलं धुकं आपल्याकडं रोजचंच, माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा डबा मी केला होता. वांगं जरा करपलं होतं, भाकरी जाड झाली होती, पण मी केला होता. पाणी प्यायला ओट्यावर बसलात तेव्हा तो तुमच्या मांडीलाच लागून होता. तात्या, तुमचा डबा राहिला होता. एवढंच सांगायचं होतं.